अक्षरें जातात कोठें?

टंकलेखन-यंत्रावर काम करणाऱ्या मनुष्याला एक प्रश्न कधींच पडत नसे. यंत्रांत कागद एकच, अक्षर उमटण्याची जागाहि एकच. कळ दाबली कीं अक्षर त्या जागीं उमटावयाचें. मजकूर चुकेल, पण तो दुसऱ्याच कागदावर उमटेल, अशी भीति नव्हती. संगणकाच्या पडद्यानें ही निश्चिंती हिरावून घेतली. पडद्यावर एकाच वेळीं पांच-दहा कागद पसरलेले असतात, कळफलक मात्र एकच. मग दाबलेलें अक्षर कोणत्या कागदावर उमटावें, हें कोणी तरी ठरवावें लागतें. आणि तें ठरविणारा व टंकणारा ह्यांची चुकामूक झाली म्हणजे कधीं गंमत होते, कधीं मोठें नुकसान होतें.

आज शहरांतील पुष्कळ घरांत प्रोग्रॅम लिहिण्याचें काम करणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी किंवा सून असते. ह्या मंडळींची एक नेहमींची तक्रार घरांतील माणसांच्या कानांवर येत असेल : "मी एका खिडकींत लिहीत होतें, मध्येंच दुसरीच खिडकी पुढें आली आणि माझीं अक्षरें तिकडे गेलीं." ऐकणारास ही तक्रार क्षुल्लक वाटते. यंत्राचा लहरीपणा म्हणून ती सोडून देण्याकडे खुद्द तक्रार करणाराचाहि कल असतो. परंतु यंत्राला लहर नसते. खिडकी बदलली, त्या अर्थीं ती कोणी तरी बदलली; आणि ती कोणीं बदलली हें शोधून काढण्याची एक सरळ रीत आहे.

शेताला पाणी देतांना दारें धरणारा मनुष्य ज्यानें पाहिला आहे, त्याला हा विषय समजावयास वेळ लागणार नाहीं. विहिरीवरून येणारा पाट एकच असतो आणि वाफे अनेक असतात. ज्या वाफ्याचें दार उघडलेलें असेल त्यांतच पाणी शिरतें. शेतकऱ्याची नजर कोठें आहे ह्याची पाण्याला पर्वा नसते. कळफलक हा पाट, पडद्यावरच्या खिडक्या हे वाफे. ज्या खिडकीचें दार त्या क्षणीं उघडें असेल तिच्याकडे ‘फोकस’ आहे, असें संगणकाच्या परिभाषेंत म्हणतात. मराठींत त्याला अवधान म्हणावें. मनुष्याचें अवधान एका खिडकीवर आणि यंत्राचें दुसरीवर, अशी स्थिति झाली कीं तक्रार सुरू होते.

ही स्थिति केवळ गैरसोयीची असती, तर तिचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. पण संगणकावर कळ नेहमीं अक्षरच लिहिते असें नाहीं. पुष्कळदां ती आज्ञा देते. १९७४ च्या सुमारास अमेरिकेंतील झेरॉक्स पार्क ह्या संशोधनसंस्थेंत ब्राव्हो नांवाचा एडिटर तयार झाला. एडिटर म्हणजे येथें वृत्तपत्राचा संपादक नव्हे; मजकूर लिहिण्याचें व दुरुस्त करण्याचें संगणकावरील साधन. ब्राव्होमध्यें तीच कळ कधीं अक्षर होई, कधीं आज्ञा. आज्ञेच्या स्थितींत असतां कोणीं अनवधानानें ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर त्याचें पहिलें अक्षर ‘सर्व मजकूर निवडा’, दुसरें ‘पुसून टाका’ आणि तिसरें ‘येथें लिहा’ अशी आज्ञा ठरे. चौथें अक्षर तेवढें कागदावर उमटे. सबंध लेखाच्या जागीं एकटा ‘टी’ उरण्याची ही गोष्ट संगणकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. कळ योग्य होती. ती चुकीच्या दारानें आंत गेली.

आजचें उदाहरण म्हणून ईमॅक्स हा एडिटर घेणें सोईचें आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत त्याचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं पुढें नव्यानें लिहिलेली त्याची ‘ग्नू’ आवृत्ति १९८५ पासून लोकांच्या हातीं आली, आणि ती आजहि जगभर प्रोग्रॅमरांच्या वापरांत आहे. ह्या एडिटरांत फायलींची यादी दाखविणारी एक सोय आहे, तिचें नांव डायर्ड. तेथें ‘डी’ हें अक्षर नव्हे. कर्सराखालची फाइल पुसण्यासाठीं खूण करण्याची ती आज्ञा आहे. पुढें ‘एक्स’ दाबला कीं, खूण केलेल्या फायली पुसावयाच्या काय, असा प्रश्न येतो. आपण आपल्या लेखांतच आहों अशा समजुतीनें कोणी भरभर टंकीत असेल, आणि अवधान डायर्डकडे गेलेलें असेल, तर शब्दांचे हुकूम होतात.

ईमॅक्सच्या कर्त्यांना ही जोखीम ठाऊक होती. म्हणून प्रश्न विचारण्याच्या दोन तऱ्हा त्यांनीं ठेवल्या. हलक्या प्रश्नाला ‘वाय’ किंवा ‘एन’ ह्या एका कळेचें उत्तर पुरतें. जोखमीच्या प्रश्नाला ‘येस’ हा सबंध शब्द लिहून एंटर दाबावें लागतें. टंकतां टंकतां मध्येंच प्रश्न उपटला, तर ‘वाय’ हें एक अक्षर सहज त्यांत सांपडेल. सबंध शब्द चुकून लिहिला जाणें कठीण. २०२२ सालीं निघालेल्या २८.१ ह्या आवृत्तींत सर्वच प्रश्नांना एका कळेनें उत्तर देण्याची ऐच्छिक सोय आली. ती जो पत्करतो, त्यानें दाराची एक कडी काढून ठेवली आहे, हें ध्यानांत असावें.

आतां ईमॅक्सच्या परिभाषेंतील एक घोटाळा आधीं निस्तरला पाहिजे. बाकीचें जग ज्याला विंडो, म्हणजे खिडकी, म्हणतें, त्याला ईमॅक्स ‘फ्रेम’ म्हणजे चौकट म्हणतो. त्या चौकटीचे आडवे-उभे भाग पाडले, कीं प्रत्येक भाग ही ईमॅक्सची खिडकी. आणि खिडकींतून जो मजकूर दिसतो तो ‘बफर’. एकच बफर दोन खिडक्यांतून दिसूं शकतो. उलट, बफर असूनहि तो कोणत्याच खिडकींतून दिसत नाहीं, असेंहि होतें. ही भाषा जुनी आहे. एम. आय. टी. मध्येंच १९८४ सालीं सुरू झालेल्या एक्स विंडो पद्धतीसारख्या चित्रमय व्यवस्थांचा प्रसार होण्यापूर्वींच ईमॅक्स पडद्याचे भाग पाडीत होता, आणि त्या वेळचे शब्द त्यानें बदलले नाहींत.

ह्या परिभाषेवरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. टंकलेल्या अक्षराला दोन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार संगणकाच्या खिडकी-व्यवस्थापकाचें. अक्षर ईमॅक्सच्या चौकटीकडे जावें, कीं ब्राउझराकडे, कीं निरोपांच्या खिडकीकडे, हें तो ठरवितो. दुसरें दार ईमॅक्सचें स्वतःचें. चौकटींत शिरलेलें अक्षर कोणत्या खिडकींतील बफराला द्यावें, हें तो ठरवितो. पाटाचें पाणी आधीं कोणाच्या शेतांत वळवावयाचें आणि मग त्या शेतांतील कोणत्या वाफ्यांत, असे हे दोन निरनिराळे निर्णय आहेत. दोघांचे कारभारी वेगळे, आणि चुकांचीं कारणेंहि वेगळीं.

म्हणून शोधाची पहिली पायरी हीच : कोणतें दार सरकलें? ह्याचें उत्तर पडद्यावरच लिहिलेलें असतें. चित्रमय पडद्यावर ईमॅक्सच्या ज्या खिडकीकडे अवधान असेल, तिच्यांतील कर्सर मूळच्या मांडणीप्रमाणें भरींव चौकोनाचा असतो. इतर खिडक्यांत तो पोकळ दिसतो. अक्षरें हरवूं लागलीं कीं हात थांबवून कर्सराकडे पाहावें. भरींव कर्सर दुसऱ्या खिडकींत दिसला, तर अवधान ईमॅक्सच्या आंतच हललें आहे. सर्वच खिडक्यांतील कर्सर पोकळ दिसले, तर संपूर्ण चौकटीनेंच अवधान गमावलें आहे, आणि दोष ईमॅक्सच्या बाहेर शोधला पाहिजे. पुष्कळ लोक हें न पाहतांच एडिटराची मांडणी उलटीपालटी करावयास लागतात आणि दिवस फुकट घालवितात.

मराठी लिहिणाऱ्यास आणखी एक खूण मिळते. ईमॅक्समध्यें देवनागरी लेखनाची सोय एकेका बफरापुरती चालू होते. टिपणाच्या बफरांत ती चालू केली, म्हणून शेजारच्या बफरांत चालू झाली असें होत नाहीं. टिपण लिहितां लिहितां एकाएकीं रोमन अक्षरें उमटूं लागलीं, तर सोय बिघडली असें समजण्याआधीं बफर बदलला आहे काय, हें पाहावें. बहुधा लिपि बदललेली नसते. जागा बदललेली असते.

दोष बाहेरचा ठरल्यास त्याचें सामान्य कारण उंदराचें धोरण हें असतें. कांहीं व्यवस्थापकांत खिडकीवर टिचकी मारल्यावांचून तिला अवधान मिळत नाहीं. कांहींत उंदराचा बाण ज्या खिडकीवर जाईल तिला अवधान आपोआप मिळतें. दुसऱ्या धोरणांत मनगटाचा धक्का लागून उंदीर बोटभर सरकला, तरी अक्षरें परक्या खिडकींत जातात. येथें ईमॅक्समधील एका नांवानें पुष्कळांची फसवणूक केली आहे. ‘फोकस-फॉलोज-माऊस’, म्हणजे ‘अवधान उंदरामागें जातें’, अशा नांवाचें एक चलपद ईमॅक्समध्यें आहे. तें बदललें म्हणजे अवधान उंदरामागें जाऊं लागेल किंवा जावयाचें थांबेल, अशी कोणाचीहि समजूत व्हावी. वस्तुतः तें चलपद व्यवस्थापकाचें धोरण बदलीत नाहीं. तें धोरण काय आहे, एवढेंच ईमॅक्सला कळवितें, कारण तें स्वतः ओळखण्याचें सर्वसाधारण साधन ईमॅक्सपाशीं नाहीं. ती आज्ञा नव्हे, माहिती आहे. आणि माहिती खोटी दिली तर ईमॅक्सचे अंदाज चुकतात. चौकटीच्या आंतल्या खिडक्यांनीं उंदराच्या मागें जावें कीं नाहीं, ह्यासाठीं ‘माऊस-ऑटोसिलेक्ट-विंडो’ हें दुसरें चलपद आहे. तें मुळांत बंद असतें. चालू करून त्यांत संख्या दिली, तर उंदीर तितके सेकंद थांबल्यावरच अवधान हलतें.

आतां दोष आंतला असेल तर काय? येथें ह्या विषयाचें मर्म आहे. एखादी गोष्ट डोळ्यांपुढें आणणें हें एक काम, आणि कळफलक तिच्या स्वाधीन करणें हें दुसरें. ईमॅक्सच्या आंतील रचनेंत ह्या दोन कामांसाठीं दोन निराळीं साधनें आहेत. ‘डिस्प्ले-बफर’ हें बफर दाखवितें, पण टंकणाऱ्याला त्याच्या जागेवरून हलवीत नाहीं. ‘पॉप-टू-बफर’ हें बफर दाखवितें आणि अवधानहि तिकडे नेतें. दाखविणें आणि सोंपविणें ह्यांतील भेद ज्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें जाणला नाहीं, तो दाखवावयाच्या ठिकाणीं सोंपवितो. आणि वापरणाऱ्याचा हात परक्या घरांत जातो.

ह्याची उलट बाजूहि आहे. नवा मनुष्य ईमॅक्समध्यें एखाद्या आज्ञेची मदत विचारतो. मदतीची खिडकी उघडते. वाचून झाल्यावर ती मिटण्यासाठीं तो ‘क्यू’ दाबतो, आणि तें अक्षर त्याच्या स्वतःच्या लेखांत उमटतें. तो म्हणतो, खिडकी उघडली पण अवधान आलें नाहीं, हा दोष आहे. वस्तुतः ईमॅक्सनें येथें मदत नुसती दाखविली. लिहिणाऱ्याला लेखापासून दूर नेलें नाहीं. ज्याला मदतीच्या खिडकींत जावयाचें असेल, त्यानें ‘हेल्प-विंडो-सिलेक्ट’ हें चलपद चालू करावें. सारांश, एकाला जो अपराध वाटतो तोच दुसऱ्याला सौजन्य वाटतो. म्हणून ‘अनपेक्षित’ ह्या शब्दाची फोड आधीं केली पाहिजे : अपेक्षा कोणती होती, आणि घडलें काय?

तिसरें कारण ह्याहून साधें आहे, पण तें सहज सुचत नाहीं. एका खिडकींतून दुसरींत जाण्यासाठीं ईमॅक्समध्यें कंट्रोल-एक्स आणि मग ओ अशी जोडकळ आहे. ती खिडक्यांवरून क्रमानें फिरते. दोनच खिडक्या असतील तोंवर ती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे एवढेंच करते, आणि हाताला तीच संवय लागते. मध्येंच तिसरी खिडकी उघडली, कीं तीच कळ निराळ्या ठिकाणीं पोहोंचविते. शिवाय नवी खिडकी दर वेळीं एकाच जागीं उघडेल असें नाहीं. मूळच्या मांडणींत खिडकी ८० ओळी उंच असेल तर तिचा खालचा भाग नव्या बफराला मिळतो. तितकी उंच नसून १६० अक्षरें रुंद असेल तर उजवा भाग मिळतो. रुंद पडद्यावरचा मनुष्य लहान पडद्यावर कामास बसला, कीं खिडक्या जागा बदलतात. येथें अवधान कोणीं चोरलेलें नसतें. वाड्यांतील खोल्या वाढल्या, आणि अंधारांत चालणाऱ्या पायाला जुन्याच खोल्या आठवत राहिल्या.

हीं कारणें ध्यानांत घेऊन शोध कसा करावयाचा, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एक तरुणी ईमॅक्समध्यें प्रोग्रॅम लिहीत आहे. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत उतरविण्याची, म्हणजे कंपाइल करण्याची, आज्ञा ती देते आणि तें काम चालू असतां पुढचा भाग लिहूं लागते. मिनिटाभरानें तिचीं अक्षरें उमटेनाशीं होतात. प्रत्येक अक्षराला ‘ह्या कळेला अर्थ नाहीं’ अशी सूचना येते, आणि एकाएकीं कंपाइल करण्याचें काम पुन्हां सुरू होतें. कर्सर भरींव आहे, पण कंपाइलच्या निकालाच्या खिडकींत. म्हणजे दोष आंतला. त्या खिडकींत मजकूर लिहितां येत नाहीं, आणि ‘जी’ ह्या कळेचा तेथें ‘पुन्हां कंपाइल करा’ असा अर्थ आहे; तिच्या शब्दांत कोठें तरी ‘जी’ होता.

पुढची पायरी म्हणजे आपल्याच हाताची साक्ष काढणें. कंट्रोल-एच आणि मग एल ही जोडकळ दाबली, कीं ईमॅक्स शेवटच्या ३०० कळांची नोंद, आणि त्या कळांनीं कोणत्या आज्ञा चालल्या त्यांचीं नांवें, दाखवितो. त्या नोंदींत खिडकी बदलणारी आज्ञा सांपडली, तर दोष स्वतःच्या बोटांचा. कंट्रोलची कळ चुकून दाबली गेली असेल. ह्या तरुणीच्या नोंदींत तसें कांहीं नाहीं. लेखांतील अक्षरांमागून एकदम निरर्थक ठरलेल्या कळा लागतात. मध्यें खिडकी बदलण्याची आज्ञाच नाहीं. म्हणजे अवधान तिनें हलविलें नाहीं. पडद्यामागें चाललेल्या कोणत्या तरी कामानें हलविलें.

मग ती ईमॅक्स बंद करते आणि तो ‘वजाचिन्ह आणि मोठा क्यू’ ही जोड देऊन कोरा सुरू करते. असा सुरू केलेला ईमॅक्स वापरणाऱ्याची मांडणी, म्हणजे सुरुवातीची सूचना-फाइल, वाचीतच नाहीं. तेंच काम ती पुन्हां करून पाहते. कोऱ्या ईमॅक्समध्यें निकालाची खिडकी उघडते, पण अवधान लेखांतच राहतें. ह्यावरून एडिटर निर्दोष ठरला, आणि दोष तिच्या मांडणींत आहे हें ठरलें. कोऱ्या ईमॅक्समध्येंहि तोच प्रकार घडला असता, तर स्वतःची मांडणी चाळीत बसण्याचें प्रयोजन नव्हतें.

मांडणी मोठी असेल तर ती ओळीओळीनें वाचूं नये. निम्मी झांकावी आणि पाहावें; दोष राहिला तर तो उघड्या निम्म्यांत आहे, गेला तर झांकलेल्या निम्म्यांत. दोषी निम्म्याचे पुन्हां दोन भाग करावे. ६४ तुकड्यांच्या मांडणींत अशा सहा कसोट्यांत एकच तुकडा हातीं राहतो; हजारांसाठींहि दहा पुरतात. धान्याच्या राशींतला खडा दाणा-दाणा निवडून शोधण्यापेक्षां सूप पाखडून शोधणें शहाणपणाचें.

तुकडा सांपडूनहि अपराधी ओळखूं आला नाहीं, तर पहारा बसवावा लागतो. येथें एक नाजूक अडचण आहे. एखादें साधन केव्हां चालतें हें पाहण्यासाठीं ईमॅक्समध्यें जी सर्वपरिचित सोय आहे, ती तें साधन चालतांच तपासणीची खिडकी पुढें आणते. पण जो विकार पाहावयाचा, तो खिडकी पुढें येण्याचाच आहे! ताप मोजण्याच्या नळीनेंच ताप वाढावा, असा हा प्रकार. म्हणून ईमॅक्सच्या कर्त्यांनीं ‘ट्रेस-फंक्शन-बॅकग्राऊंड’ ही मुकाट नोंद ठेवणारी दुसरी सोय केली आहे. ती खिडक्यांची मांडणी हलवीत नाहीं. एका बाजूच्या बफरांत टिपण करीत राहते. ‘पॉप-टू-बफर’वर असा पहारा बसविला, कीं कोणत्या बफरासाठीं बोलावणें आलें तें नंतर निवांतपणें वाचतां येतें. बोलावणारा कोण, हें पाहावयाचें असेल तेव्हांच पहिली सोय वापरावी, कारण ती बोलावण्यांची सगळी सांखळी उलगडून दाखविते.

तरुणीच्या मांडणींत अखेर एक जुनी ओळ निघते. कंपाइलचें काम संपतांच करावयाच्या कृतींची एक यादी ईमॅक्स ठेवतो. त्या यादींत तिनेंच पूर्वीं ‘निकालाचा बफर पुढें आण’ अशी कृति घातली होती, आणि त्यासाठीं ‘पॉप-टू-बफर’ वापरलें होतें. त्या दिवसांत प्रोग्रॅम लहान होते. काम संपेपर्यंत ती हात जोडून निकालाची वाट पाहत बसे, तेव्हां अवधान तिकडे जाणेंच सोईचें होतें. पुढें प्रोग्रॅम मोठे झाले, काम मिनिटभर चालूं लागलें, मधल्या वेळांत ती लिहूं लागली, आणि कालची सोय आजचा अपराध झाली. उपाय एका शब्दाचा : ‘पॉप-टू-बफर’च्या जागीं ‘डिस्प्ले-बफर’. निकाल दिसेल, हात लेखांतच राहील.

ज्या आज्ञेला कांहीं कामासाठीं दुसऱ्या खिडकींत जाणें अवश्यच असेल, तिच्यासाठींहि शिष्ट रीत आहे. ‘सेव्ह-सिलेक्टेड-विंडो’ ह्या रचनेंत ती कृति बसविली, कीं ती आपलें काम उरकून अवधान मूळ जागीं परत आणून ठेवते. ज्या खिडक्या नुसत्या पाहण्यासाठीं आहेत, त्यांना ‘नो-अदर-विंडो’ अशी खूण करून ठेवतां येते. मग फिरत्या जोडकळेच्या वाटेंत त्या येत नाहींत. आणि २०१२ सालच्या २४.१ ह्या आवृत्तीपासून ‘डिस्प्ले-बफर-अलिस्ट’ नांवाची एक नियमावलि आहे. कोणता बफर कोठें उघडावा हें तींत वापरणाऱ्याला सांगून ठेवतां येतें. तिचें मुख्य काम जागा ठरविण्याचें. अवधान द्यावें कीं देऊं नये, हा प्रश्न निराळा.

हा भेद एकट्या ईमॅक्सचा नाहीं. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर आज फार लोकप्रिय आहे. त्यांत नेमून दिलेलें काम चालूं लागलें, कीं त्याची खिडकी दाखवावी काय आणि तिला अवधान द्यावें काय, अशा दोन स्वतंत्र नोंदी करतां येतात. मूळच्या मांडणींत पहिलीचें उत्तर ‘होय’ आणि दुसरीचें ‘नाहीं’ असें आहे. उलट, तपासणीसाठीं प्रोग्रॅम मध्येंच थांबविला तर चौकटच पुढें आणण्याची जी सोय आहे, ती मुळांत चालू असते. ज्याला तिचा उपद्रव होतो त्यानें ती बंद करावी. शिवाय अवधान जातांच फाइल आपोआप जतन करण्याची ऐच्छिक सोयहि त्या एडिटरांत आहे. ती चालू असेल तर अवधानाची प्रत्येक चुकामूक अर्धवट लिहिलेली फाइल डिस्कवर उतरवून ठेवते.

बाहेरच्या दाराचे राखणदारहि काळाच्या ओघांत कडक झाले आहेत. पूर्वीं कोणताहि प्रोग्रॅम मनास येईल तेव्हां आपली खिडकी पुढें आणूं शके. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून त्याला आळा घातला. मनुष्य दुसऱ्या खिडकींत काम करीत असतां परका प्रोग्रॅम पुढें घुसूं लागला, तर त्याची खिडकी पुढें न येतां खालच्या पट्टीवरचें त्याचें बटण नुसतें लुकलुकतें. लिनक्सवरील केडीई ह्या व्यवस्थेंत अवधान-चोरीच्या प्रतिबंधाच्या पांच पायऱ्या आहेत. अगदीं मोकळीकीपासून अगदीं कडक बंदोबस्तापर्यंत. ह्या सर्वांमागें तत्त्व एकच आहे : बोलावणें करावें, ओढून नेऊं नये. दारावर थाप मारणें हा शिष्टाचार. दार ढकलून आंत येऊन लिहिणाऱ्याच्या हातांतील लेखणी घेणें हा अतिक्रम.

आतां तरुणीच्या उदाहरणाकडे पुन्हां एकदां पाहावें. तिला अपराधी सांपडला, तेव्हां तो एडिटर नव्हता, संगणक नव्हता, कोणी परका पाहुणाहि नव्हता. तिनेंच, दुसऱ्या काळांत, दुसऱ्या गरजेसाठीं लिहून ठेवलेली एक ओळ होती. अवधानाच्या पुष्कळशा तक्रारींचा शेवट असाच होतो. दार जिनें उघडें ठेवलें, तिलाच त्याचा विसर पडलेला असतो. म्हणून ज्याला आपल्या खिडक्या मनाजोग्या हव्या आहेत, त्यानें नवी सोय मांडणींत घालतांना तिच्याशेजारीं कारणाची एक ओळ साध्या भाषेंत लिहून ठेवावी. अमुक गोष्ट अमुक कारणासाठीं केली, एवढें त्या ओळींत असलें तरी पुरें आहे. कारण संपलें, कीं सोयहि काढून टाकतां येते.

आणि घरांतील मंडळींनींहि ह्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पासवर्ड लिहितांना, पैसे पाठवितांना, निरोपाखालीं नांव घालून तो पाठविण्याची कळ दाबतांना, क्षणभर हात थांबवून कर्सर कोठें आहे तेवढें पाहावें. पाण्याला नजर नसते. दारें धरणाऱ्यानेंच वाफा पाहून घ्यावयाचा असतो.